गावातील टाकाऊ द्रव्यांचा सदुपयोग : नालवाडीचा अनुभव

वर्धा शहरापासून दोनेक मैलांवर नालवाडी हे गाव आहे. 1932 सालच्या डिसेंबरात आचार्य विनोबा भावे या गावी राहावयास आले. त्या काळी तेथील बहुतेक वस्ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची होती. सूतकताईच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह करण्याचा विनोबांचा प्रयोग येथेच झाला, हे सर्वश्रुत आहे. तथापि शेतकऱ्यांच्या व गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने नालवाडीचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. ज्या वस्तूंकडे गाव नाक दाबून पाहते, त्याच वस्तूंतून गावाचे खत, गावाचा धंदा व गावाचे आरोग्य कसे साधावे, याचा विचार या गावी नेटाने झाला.

1934 साली नालवाडी येथे ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व डॉ. जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे त्याची सूत्रे आली. खेड्यातील वस्तू खेड्यातच पुरतेपणी वापरली जावी, हा दोन्ही संस्थांचा समान आग्रह होता. नालवाडीत श्री. गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावरांचे कातडे बाभळीची साल व हिरडा अशा झाडपाल्याच्या द्रव्यांनी कमवावयाचे, त्यापासून चपला व इतर वस्तू करावयाच्या, आणि हाडे व मांस वाया न घालविता त्यांचे खत करावयाचे, अशी तेथील कामाची दिशा होती. गांधीजींनी या कामात बारकाईने लक्ष घातले होते. मेलेल्या जनावराचा नीट उपयोग झाला, तर जिवंत जनावर पाळणेही शेतकऱ्यास कमी जड जाईल, असा त्यामागील हिशेब होता.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या माथी मारले गेले, आणि ते केले म्हणून त्याच समाजास शिवेबाहेर ठेवले गेले. 1927 साली महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे व मेलेली जनावरे ओढणे सोडून देण्याचे आवाहन केले. ते सर्वथा न्याय्य होते. ज्या कामाने माणसाची मानखंडना होते, ते काम गावाच्या सोयीसाठी त्याने करीत राहावे, असे म्हणण्याचा कोणासही अधिकार नाही. म्हणून गावातील घाणीचे खत करा असा उपदेश करणाऱ्या कार्यकर्त्याने पहिला प्रश्न स्वतःस विचारावा तो हा की, हे काम प्रत्यक्षात कोणाचे हात करणार आहेत. उपदेश एकाचा आणि टोपले दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी वाटणी ज्या गावात झाली, तेथे योजना टिकली तरी सुधारणा झाली असे मानता येणार नाही.

विनोबांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आचरणाने दिले. पवनार येथे राहत असता 1946 साली त्यांनी जवळच्या सुरगाव या खेड्यात जाऊन मैला-सफाईचे काम सुरू केले. खांद्यावर फावडे घेऊन ते रोज पायी जात, आणि हा क्रम त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ चालविला. एकदा वाटेतील नाल्यास पूर आला व पलीकडे जाणे अशक्य झाले, तेव्हा काठावरूनच त्यांनी एका गावकऱ्यास हाक मारून, गावचा सफाई कामगार येऊन गेला असे देवळातील देवास कळविण्यास सांगितले, अशी हकीकत त्यांच्या आठवणींत आहे. गोष्ट लहान आहे, पण सवय कशी लागते हे तिच्यातून चांगले समजते. वर्षातून एकदा हातात झाडू घेऊन छायाचित्र काढविल्याने गावास काहीच लागत नाही. ठरलेल्या वेळी रोज येणारा एक माणूस मात्र गावाची नजर बदलतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. शेतकऱ्याच्या घरी रोज निर्माण होणाऱ्या टाकाऊ द्रव्यांत सर्वांत मोलाचे कोणते, असे विचारल्यास बहुतेक जण शेण असे उत्तर देतील. वस्तुतः वजनास वजन लावून पाहिले, तर गोमूत्रात शेणापेक्षा नत्र व पालाश अधिक असतात. ताज्या शेणात नत्राचे प्रमाण शेकडा 0.3 ते 0.4 इतके, तर मूत्रात ते शेकडा 1 च्या आसपास असते. एका बैलापासून दिवसाला सरासरी 5 लिटर मूत्र मिळते असे धरले, तर एका बैलजोडीच्या मूत्रातून वर्षाकाठी 30 किलोंहून अधिक नत्र बाहेर पडते. जनावरे दिवसा बाहेर असतात, त्यामुळे हे सारे हाती लागणार नाही. परंतु निम्मे जरी साठविले, तरी युरियाच्या पाऊण पोत्याइतके नत्र गोठ्यातच मिळाले असे होईल. आज आपल्या बहुतेक गोठ्यांत हे नत्र जमिनीत मुरते किंवा अंगणातील गटारात वाहून जाते आणि वर दुर्गंधी व डास ठेवून जाते.

मूत्र धरून ठेवण्यास फरशीचा गोठा व पक्की टाकी असेल तर उत्तमच. पण कच्च्या गोठ्यातही एक साधी युक्ती पुरते. गोठ्याची जमीन अर्धा फूट खोदून तेथे कोरडी, भुसभुशीत माती पसरावी. जनावरांच्या पायाखाली सोयाबीनचे कुटार, वाळलेला पाला किंवा जनावरांनी उष्टावलेला चारा टाकावा. सकाळी ओले झालेले कुटार शेणाबरोबर खड्ड्यात जावे. मूत्राने भिजलेली माती काही आठवड्यांनी उकरून खड्ड्यात टाकावी व तिच्या जागी नवी माती भरावी. यास खर्च काहीच नाही, फक्त घरातील एका माणसाच्या रोजच्या दहा मिनिटांचे काम आहे. पावसाळ्यासाठी कोरडी माती मृगापूर्वीच झाकून ठेवली पाहिजे, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही.

शेणाच्या गोवऱ्या थापण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गोवरी जाळली की तिच्यातील नत्र व सेंद्रिय भाग जातो. राखेत काही पालाश व स्फुरद राहतात, पण ती राखही बहुधा भांडी घासण्यास किंवा उकिरड्याच्या कडेस जाते. असे असले तरी गृहिणीस दोष देणे अन्यायाचे होईल. चुलीस दुसरे जळण नसेल तर तिने काय करावे? मगनवाडीतील कार्यकर्त्यांना हे कळले होते, म्हणून खत वाचवा असे सांगत असतानाच त्यांनी कमी जळणात व कमी धुरात काम देणारी ‘मगन चूल’ तयार केली. आज घरोघरी गॅसची शेगडी पोचली असली, तरी सिलिंडर भरून आणणे प्रत्येक कुटुंबास दरमहा परवडतेच असे नाही. चार-पाच जनावरे असलेल्या कुटुंबाने 2 घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र बसविल्यास रोजचे सुमारे 50 किलो शेण त्यास पुरते, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून शेतात जाते. जळण की खत, हा वाद येथे मिटतो. ज्यांच्याकडे जनावरे कमी आहेत, त्यांनी मात्र उगाच मोठे संयंत्र बांधण्याच्या भरीस पडू नये. अर्धपोटी संयंत्र लवकरच बंद पडते.

थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची एक रीत आपल्या विदर्भातच निघाली आहे. इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसविली व ती 1931 साली ग्रंथरूपाने जगापुढे आली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दीर्घकाळ प्रयोग करून विटांच्या जाळीदार टाकीची पद्धत सिद्ध केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. गुरे कमी व काडीकचरा अधिक, ही आजची स्थिती पाहता वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या मुलखास ती विशेष सोयीची आहे.

टाकी आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असावी. भिंती नऊ इंच जाडीच्या विटांच्या करून विटांच्या दर दोन थरांनंतर हवेसाठी छिद्रे ठेवावीत. भरण्यापूर्वी टाकीचा तळ व भिंती शेणकाल्याने ओल्या कराव्यात. मग सहा इंच जाडीचा काडीकचऱ्याचा थर (सुमारे 100 किलो) द्यावा, त्यावर 4 किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडावे, व त्यावर चाळलेली कोरडी माती 50 ते 60 किलो पसरावी. असे अकरा-बारा थर देत टाकीच्या वर दीड फूट झोपडीच्या आकाराने ढीग न्यावा आणि तीन इंच मातीने झाकून शेणाने लिंपून टाकावा. दोन-तीन आठवड्यांत ढीग दबून टाकीच्या काठाखाली जातो. तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा भरून लिंपावे. वर भेगा पडू देऊ नयेत, ओल राखावी. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते व एका टाकीतून सुमारे तीन टन माल निघतो. यास एकूण शेण लागते फक्त 90 ते 100 किलो, माती सुमारे 1750 किलो आणि पाणी ऋतुमानाप्रमाणे 1500 ते 2000 लिटर.

या पद्धतीत ज्या चुका होतात त्या बहुतेक उतावळेपणाच्या असतात. टाकी महिनाभर थोडी थोडी भरीत गेल्यास ती नीट तापत नाही. म्हणून सामग्री आधी गोळा करून एक-दोन दिवसांत भरणे पूर्ण करावे. माती टाकण्याचा कंटाळा केल्यास ओल उडते व नत्रही उडते. पऱ्हाटी व तुराट्या अखंड टाकल्या तर त्या चार महिन्यांनीही जशाच्या तशा निघतात. त्यांचे यंत्राने किंवा कुऱ्हाडीने दोन-तीन इंचांचे तुकडे करणे आवश्यक आहे. पऱ्हाटीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ती बांधावर रचून ठेवल्यास गुलाबी बोंडअळीस पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो, आणि शेतात जाळल्यास जमिनीचा सेंद्रिय भाग जातो. कुटी करून कुजविणे हाच त्यातील मार्ग होय.

अनेक गावांत नाडेपच्या टाक्या बांधलेल्या दिसतात व त्यांत सरपण किंवा कोंबड्या ठेवलेल्या दिसतात. अनुदानाने टाकी उभी राहते, ती भरण्याची सवय अनुदानाने लागत नाही. कार्यकर्त्याने किती टाक्या बांधल्या हे लिहिण्यापेक्षा किती टाक्या दुसऱ्यांदा भरल्या गेल्या, याची नोंद ठेवावी.

हाडांविषयी थोडे. हाडाच्या चुऱ्यात स्फुरद शेकडा 20 किंवा त्याहून अधिक व नत्र सुमारे 3 असते. नालवाडीच्या काळी गावातील हाडे गोळा करून बाहेर विकण्यापेक्षा गावच्याच जमिनीस परत द्यावीत असा आग्रह होता व तो रास्त होता. पण आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत हाडातील स्फुरद पिकास फार सावकाश लागू पडतो. आम्लधर्मी जमिनीत तो जितका उपयोगी, तितका येथे नाही. म्हणून हाडाचा चुरा सरळ शेतात न टाकता कंपोस्टमध्ये मिसळून कुजवून वापरावा.

मेलेल्या जनावरांच्या बाबतीत आजची स्थिती 1935 च्या मानाने बिकट झाली आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे काही तासांत साफ करीत. जनावरांच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मांसातून पोटात गेल्याने भारतातील गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, असे निष्पन्न झाल्यावर 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. 2023 साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही तशीच बंदी घालण्यात आली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांस सुरक्षित आहे. जनावरास औषध देविताना शेतकऱ्याने एवढी चौकशी जरूर करावी. गिधाडे गेल्याने उघड्यावर टाकलेल्या ढोरांवर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढते. यास्तव मेलेले जनावर विहिरी व नाल्यापासून दूर, सहा ते आठ फूट खोल खड्ड्यात पुरावे. फाशी रोगाने मेल्याचा संशय असल्यास, म्हणजे अचानक मृत्यू व नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त अशी लक्षणे असल्यास, ते जनावर फाडू नये, कातडे काढू नये व ओढत नेऊ नये. प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. या रोगाचे बीज जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व तो माणसासही होतो.

मनुष्याच्या मैल्याचे खत हा गांधीजींच्या आवडीचा विषय होता. डॉ. पूअर या इंग्रज वैद्याच्या लिखाणाचा आधार देऊन ते सांगत की, मैला नऊ ते बारा इंचांहून खोल पुरू नये, कारण त्याचे खतात रूपांतर करणारे जीवजंतू जमिनीच्या वरच्या थरातच असतात. मैल्यावर माती टाकणे ही सेवाग्राम-नालवाडी परिसरातील आश्रमवासीयांची रोजची सवय होती. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनीही या कामास वाहून घेतले. आज माणसाकरवी मैला उचलविणे हा 1993 व 2013 च्या कायद्यांनी गुन्हा ठरला आहे, आणि त्याची गरजही उरलेली नाही. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय बांधल्यास एक खड्डा भरल्यावर दुसरा सुरू करता येतो. भरलेला खड्डा दोन वर्षे बंद ठेवला की आतील द्रव्याची कोरडी, वास नसलेली माती बनते व ती फळझाडांस घालता येते. दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरले जात आहेत, असे पुष्कळ घरी आढळते. मधल्या कुंडीतील एक तोंड बंद करण्याचे राहून गेलेले असते. कार्यकर्त्याने झाकण उघडून ते स्वतः पाहावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून खड्डे किमान 15 मीटर दूर असावेत.

न्हाणीच्या सांडपाण्याबाबत वर्ध्याच्या भारी काळ्या जमिनीची अडचण ध्यानात घ्यावी. ही जमीन पाणी सावकाश मुरविते, त्यामुळे तीन फुटांचा शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो. जेथे परसात जागा आहे, तेथे ते पाणी केळी, अळू व कर्दळीच्या वाफ्यास काढून द्यावे.

आजची नालवाडी वर्धा शहराला लागून वाढलेली वस्ती आहे. जनगणनेत तिची गणना शहरी वस्तीत झाली आहे. गोठे कमी झाले, प्लॉट व घरे वाढली. जवळच दत्तपूर येथे 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी सुरू केलेले कुष्ठसेवेचे काम आहे, तसेच 1976 साली श्री. देवेंद्रकुमार यांनी स्थापिलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रही आहे. खेड्यास उपयोगी पडेल असे विज्ञान गावातील सामग्रीतूनच उभे करण्याचा धागा या परिसरात असा पुढे चालू राहिला. परंतु ज्या घरी जनावर नाही व शेत नाही, त्या घराने काय करावे, हा प्रश्न आता वर्धा परिसरातीलच नव्हे तर तालुक्याच्या गावालगतच्या प्रत्येक वस्तीचा झाला आहे.

अशा घरातून शेण निघत नाही, पण भाजीची देठे, साली, चहाचा चोथा व उरलेले अन्न रोज निघते. हे ओले द्रव्य निराळ्या डब्यात ठेवले तर ते खत असते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर फेकले तर गाईच्या पोटात पिशवीसह जाते. एवढा फरक केवळ दोन डब्यांनी पडतो. परसात दोन फूट लांब-रुंद व दोन फूट खोल असे दोन खड्डे करावेत. रोजचे ओले द्रव्य एका खड्ड्यात टाकून त्यावर प्रत्येक वेळी ओंजळभर माती किंवा वाळलेला पाला टाकावा. माती टाकल्याने माशा बसत नाहीत व वास येत नाही. खड्डा भरला की झाकून दुसरा सुरू करावा. दुसरा भरेतो पहिल्यातील खत तयार झालेले असते. जागा नसलेल्यांनी तळाशी छिद्रे पाडलेल्या जुन्या माठात किंवा डब्यात हेच करावे. पाला जाळण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. पानगळीच्या दिवसांत सायंकाळी रस्तोरस्ती जळणारे ढीग हे त्याच वस्तीतील खड्ड्यांचे झाकण होते.

घरातील माणसांपैकी ही सवय कोण लावून घेईल, याचा अंदाज बांधताना कार्यकर्त्यांची नेहमी चूक होते. सभा पुरुषांची भरते आणि डबा रिकामा करण्याचे काम स्त्रियांकडे असते. म्हणून सभा घ्यावयाचीच असेल तर ती दुपारी, बचत गटाच्या बैठकीस जोडून घ्यावी, आणि घरातील पुरुषांकडे व मुलांकडे यातील एक तरी काम नेमून द्यावे. नाहीतर पर्यावरणाच्या नावाने गृहिणीच्या कामात आणखी एका कामाची भर पडेल एवढेच.

संपूर्ण गाव एकदम हाती घेऊ नये. एक गल्ली, दहा-बारा घरे, तीही शेजारशेजारची निवडावीत. पहिला महिना आठवड्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी त्या घरी जावे व खड्डा उघडून पाहावा. ज्या खड्ड्यास वास येतो तेथे माती कमी पडली आहे, ज्यात काहीच कुजलेले नाही तेथे पाणी कमी पडले आहे, आणि ज्यात पिशव्या सापडतात तेथे दोन डबे अजून झालेले नाहीत, एवढे निदान कोणासही करता येते. तीन महिन्यांनी पहिले खत निघेल तेव्हा ते त्याच गल्लीतील लोकांसमोर चाळावे व घरधन्याच्याच वाफ्यात घालावे.

शेतकऱ्यांनी टाकीचे भरणे डिसेंबर-जानेवारीत, कापसाच्या वेचण्या चालू असतानाच पूर्ण करावे. उशिरात उशिरा जानेवारीअखेर भरलेली टाकी मे महिन्यात उघडता येते. खत चाळून, काचा व प्लॅस्टिकचे तुकडे वेचून, वखरणीच्या शेवटच्या पाळीपूर्वी बंडीने शेतात न्यावे. ते उन्हात ढीग करून आठवडा-आठवडा ठेवू नये, टाकलेल्या दिवशीच मातीआड करावे. चाळणीवर राहिलेला जाड भाग टाकून न देता पुढील टाकीच्या पहिल्या थरात घालावा.